खान्देशातल्या नव्या उद्योजकासाठी सरकारी काम: पहिल्या कागदापासून शेवटच्या बिलापर्यंत

धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत सरकार रोज काही ना काही विकत घेत असते. जिल्हा परिषदेच्या शाळेला बाक लागतात, ग्रामीण रुग्णालयाला चादरींची धुलाई लागते, आश्रमशाळेला भाजीपाला लागतो, तहसील कार्यालयातल्या संगणकांना वर्षभराची देखभाल लागते, ग्रामपंचायतीला गटार आणि पेव्हर ब्लॉक लागतात. यातल्या कितीतरी वस्तू नाशिक, सुरत, इंदूरहून येतात. तीच वस्तू धुळ्याच्या अवधान एमआयडीसीत किंवा जळगावच्या एमआयडीसीत एखादा पोरगा तितकीच चांगली बनवत असतो, पण टेंडर निघाल्याचे त्याला कळते तेव्हा तारीख उलटून गेलेली असते.

हा लेख त्या पोरासाठी आहे आणि त्याच्यासारखा धंदा सुरू केलेल्या मुलींसाठीही. वेल्डिंगचे छोटे वर्कशॉप, प्रिंटिंग, संगणक दुरुस्ती, केटरिंग, सोलर बसवणे, किंवा सिव्हिलचा डिप्लोमा घेऊन मोकळे बसलेले, यांपैकी कोणीही असा. सरकारी कामात पैसा आहे आणि तो बुडत नाही, पण उशिरा येतो. त्या उशिरात टिकायची तयारी आधी केली तरच या वाटेला जावे, हे माझे मत या लेखात पुन्हा पुन्हा डोकावेल.

आधी गिऱ्हाईक ओळखा

"सरकार" म्हणून एकच खरेदीदार नसतो. प्रत्येकाची पद्धत वेगळी, पोर्टल वेगळे, सवलतीही वेगळ्या.

केंद्राची खाती आणि केंद्राच्या कंपन्या बहुतेक खरेदी जेम, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन बाजारपेठेच्या पोर्टलवरून करतात. हे पोर्टल २०१६ पासून सुरू आहे. आपल्याकडे या गटातली मोठी नावे भुसावळ परिसरात आहेत. मध्य रेल्वेचा भुसावळ विभाग आहे, त्याच्या निविदा रेल्वेच्या आयरेप्स पोर्टलवर निघतात. भुसावळची आणि वरणगावची आयुध निर्माणी आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून आयुध निर्माणी मंडळ जाऊन सात सरकारी कंपन्या झाल्या. भुसावळचा कारखाना यंत्र इंडिया लिमिटेडकडे गेला, वरणगावचा म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे. त्या केंद्राच्या कंपन्या असल्याने लघुउद्योगांकडून ठरावीक खरेदी करण्याचे केंद्राचे धोरण त्यांना लागू पडते. जळगाव-भुसावळच्या छोट्या कारखानदाराने हे ध्यानात ठेवावे.

राज्याची खाती, जिल्हा परिषदा, महापालिका, नगरपालिका यांच्या मोठ्या निविदा महाटेंडर्स पोर्टलवर निघतात. राज्याची कार्यालये जेमवरूनही खरेदी करतात. दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र महानिर्मितीचे, म्हणजे राज्याच्या कंपनीचे आहे आणि वीज कंपन्यांची निविदा पोर्टले स्वतंत्र आहेत.

आदिवासी विकास विभागाचे प्रकल्प कार्यालय नंदुरबार, तळोदा, यावल आणि धुळे इथे आहे. आश्रमशाळा आणि वसतिगृहांची बरीच खरेदी तिथून होते. ग्रामपंचायतीची छोटी खरेदी अजूनही दरपत्रकांवर, म्हणजे आपण ज्याला कोटेशन म्हणतो त्यावर चालते. कोणत्या गावाने वित्त आयोगाचा पैसा कशावर खर्च केला, हे ई-ग्रामस्वराज पोर्टलवर घरबसल्या पाहता येते. आपल्या आणि शेजारच्या दहा-पंधरा गावांची मागच्या दोन वर्षांची पाने चाळा. पंचायत काय विकत घेते याचा त्याहून चांगला अंदाज कोणी देणार नाही.

तुमचा दरवाजा कोणता

तीन प्रकार आहेत: माल पुरवणे, सेवा देणे आणि बांधकाम करणे. नव्या माणसाने शक्यतो माल किंवा सेवेपासून सुरुवात करावी, असे मला वाटते. मालाचे बिल एका झटक्यात होते, मोजमापाचा वाद कमी असतो आणि पैसा अडकलाच तरी किती अडकला हे पहिल्या दिवसापासून माहीत असते. बांधकामात पाया खोदताना खडक लागला की सगळे गणित बदलते.

सिव्हिल अभियंत्यांसाठी मात्र एक सोपी वाट आहे आणि ती पुष्कळ मुलांना माहीतच नसते. पदवी किंवा पदविका घेतलेल्यांना सार्वजनिक बांधकाम खात्याकडे सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून नोंदणी करता येते. बांधकाम खात्याची आणि जिल्हा परिषदेची ठरावीक मर्यादेपर्यंतची काही कामे या अभियंत्यांसाठी आणि मजूर सहकारी संस्थांसाठी राखलेली असतात. त्यांचे वाटप काम वाटप समितीपुढे, बहुतेक वेळा चिठ्ठ्या टाकून होते. उलाढाल किंवा जुना अनुभव लागत नाही. नोंदणी करून ठेवा आणि वाटपाच्या बैठकीची तारीख कार्यालयाच्या फलकावर पाहत राहा. पहिला अनुभव दाखला मिळवायचा याहून सरळ मार्ग नाही.

कागद: टेंडर निघण्याच्या आधी

टेंडर निघाल्यावर कागद गोळा करायला लागलात तर ते टेंडर तुमचे नव्हे. बऱ्याच निविदांना जेमतेम एक-दोन आठवडे मिळतात. म्हणून पुढची फाइल आधीच तयार ठेवा.

पॅन आणि फर्मच्या नावाचे चालू खाते हवे. जीएसटी नोंदणी हवी आणि विवरणपत्रे वेळेवर भरलेली हवीत. सलग काही महिने विवरणपत्र न भरल्याने नोंदणी स्थगित झाली, हे निविदा उघडल्यावर कळणे फार वाईट.

उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून केंद्राकडची नोंदणी करा. १ जुलै २०२० पासून ही नोंदणी ऑनलाइन आणि पूर्णपणे मोफत आहे. आधार आणि पॅन एवढ्यावर होते. सरकारी संकेतस्थळासारखी दिसणारी बरीच खाजगी पाने यासाठी पैसे मागतात, त्यांच्या नादी लागू नका. नोंदणी करताना उत्पादन की सेवा की व्यापार हे विचारतात. तिथे घाईत "व्यापार" निवडलात तर पुढच्या अनेक सवलतींना मुकाल.

डिजिटल स्वाक्षरी क्लास ३ ची घ्या, स्वाक्षरी आणि एन्क्रिप्शन दोन्ही असलेली. बाहेरच्या सायबर कॅफेवाल्याकडे तिचा टोकन आणि पासवर्ड ठेवण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे. ही तुमची सही आहे, ती दुसऱ्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका.

मागच्या तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे, सनदी लेखापालाने दिलेला उलाढालीचा दाखला आणि धंदा नवा असेल तर आहे तेवढ्या वर्षांचा ताळेबंद. मनुष्यबळाच्या निविदांना पीएफ आणि ईएसआयची नोंदणी मागतात. कायद्याने पीएफ २० कामगारांपासून आणि ईएसआय १० पासून लागू होते, पण निविदेत अट असेल तर संख्या कमी असली तरी नोंदणी लागते. खाद्यपदार्थांसाठी अन्न सुरक्षेचा परवाना. पाइप, केबल, सिमेंटच्या वस्तूंसाठी मानक ब्यूरोचे चिन्ह. पिण्याच्या पाण्याच्या यूपीव्हीसी पाइपला आयएस ४९८५ मागितलेले असताना साधा शेतीचा पाइप दाखवून चालत नाही. जळगावच्या पाइपवाल्यांना हे सांगायला नको, पण त्यांच्याकडून माल घेऊन पुढे पुरवणाऱ्या नवख्याला सांगावे लागते.

सवलती: कोणाला, कुठे, किती

इथे ऐकीव माहितीवर फार लोक चालतात, म्हणून थोडे थांबून सांगतो.

केंद्राचे लघुउद्योग खरेदी धोरण १ एप्रिल २०१२ पासून लागू आहे. केंद्राची खाती आणि कंपन्या यांनी वर्षाच्या खरेदीतला किमान २५ टक्के हिस्सा सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यायचा. त्यातला ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून आणि ३ टक्के महिलांकडून. ३५८ वस्तू फक्त या उद्योगांसाठी राखीव आहेत. टेंडरचा संच मोफत आणि ईएमडी, म्हणजे बयाणा रक्कम माफ. शिवाय तुमचा दर सर्वांत कमी दरापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत जास्त असला तरी तो कमी दर मान्य करून मागणीतला ठरावीक हिस्सा पुरवण्याची संधी मिळते.

नंदुरबार, तळोदा, अक्कलकुवा, धडगावच्या आदिवासी तरुणांनी त्या ४ टक्क्यांकडे गांभीर्याने पाहावे. ५१ टक्के किंवा त्याहून जास्त मालकी तुमची असायला हवी, आणि ती खरी असायला हवी. नावापुरता आदिवासी भागीदार घेऊन मागून दुसऱ्यानेच धंदा करायचा, हा प्रकार आपल्या भागात चालतो. त्यात नाव देणाऱ्या मुलाच्या हाती चार पैसे येतात आणि कर्ज, कर, काळी यादी हे सगळे त्याच्या पॅनवर बसते.

अडचणीच्या जागाही समजून घ्या. हे धोरण स्वतः बनवणाऱ्यासाठी आणि सेवा देणाऱ्यासाठी आहे, नुसत्या व्यापाऱ्यासाठी नाही. बांधकामाच्या ठेक्यांना ते लागू होत नाही. आणि ते केंद्राचे आहे. जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या निविदेत काय सवलत आहे, ते त्या निविदेतच वाचायचे.

दुसरी सवलत स्टार्टअपची. केंद्राच्या उद्योग संवर्धन विभागाकडून मान्यता मिळालेल्या स्टार्टअपला बयाणा रक्कम माफ होते आणि पूर्वीची उलाढाल आणि अनुभव यांच्या अटी शिथिल करता येतात. त्यासाठी फर्म खाजगी मर्यादित कंपनी, एलएलपी किंवा नोंदणीकृत भागीदारी असावी लागते. एकट्याच्या मालकीच्या धंद्याला ही मान्यता मिळत नाही. कामातही काही नावीन्य दाखवावे लागते. केळीच्या खोडापासून धागा काढणे, शेतीसाठी सेन्सर, ठिबकच्या नळ्यांची पुनर्प्रक्रिया असे काही करत असाल तर अर्ज करा. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या परिसरात यासाठी मदत विचारता येईल. राज्याच्या नाविन्यता सोसायटीने २०१८ पासून स्टार्टअप सप्ताह सुरू केला. त्यात निवडलेल्यांना थेट सरकारी खात्याकडून १५ लाखांपर्यंतचे कार्यादेश देण्याची पद्धत पडली. टेंडरविना सरकारच्या आत शिरण्याचा तो मार्ग आहे.

जेमवरच्या प्रत्येक बोलीच्या पहिल्या पानावर दोन ओळी असतात: लघुउद्योगाला अनुभव आणि उलाढालीतून सूट आहे का, आणि स्टार्टअपला आहे का. पुढे "होय" किंवा "नाही". बाकीची तीस पाने वाचण्याआधी या दोन ओळी वाचा.

टेंडर वाचायचे कसे

महाटेंडर्सवर संस्थेच्या नावाने शोधा आणि आठवड्याचे दोन दिवस त्यासाठी ठरवून ठेवा. जेमवर आपल्या वस्तूच्या वर्गवारीत बरोबर नोंद असेल तरच सूचना येतात. जिल्हा नियोजन समितीचा निधी एप्रिलनंतर हळूहळू सुटतो, मान्यता पावसाळ्यात रेंगाळतात आणि खरी खरेदी जानेवारी ते मार्चमध्ये एकदम अंगावर येते. दिवाळीपर्यंत तुमची फाइल पूर्ण हवी, ती यासाठी.

निविदा हाती आली की मी लोकांना हा क्रम सांगतो. पात्रतेच्या अटी आधी. त्यातली एकही बसत नसेल तर पुढे वाचू नका, वेळ वाचेल. मग माल पोचवण्याचे ठिकाण. "जिल्ह्यातील सर्व शाळा" या तीन शब्दांत धडगाव आणि अक्कलकुव्याच्या सातपुड्यातले पाडेही येतात, आणि पावसाळ्यात तिथे टेम्पो पोचवण्याचा खर्च शिंदखेड्याला पोचवण्याच्या कितीतरी पट असतो. मग पैसे कधी देणार ते कलम. मग दंडाचे कलम. जेमवर उशिरासाठी आठवड्याला अर्धा टक्का आणि जास्तीत जास्त १० टक्के दंड लागतो. शेवटी निधी कोणत्या लेखाशीर्षाचा, म्हणजे सरकारी अंदाजपत्रकातल्या कोणत्या खात्यातला आहे ते. कार्यालयातल्या लेखा शाखेत जाऊन नम्रपणे विचारा: "साहेब, यासाठी निधी आलेला आहे की येणार आहे?" या दोन उत्तरांत सहा महिन्यांचा फरक असू शकतो. राज्यात २०२५ साली थकीत बिलांसाठी कंत्राटदार रस्त्यावर उतरले. मंजूर काम आणि उपलब्ध निधी यातला फरक न पाहता कर्ज काढणाऱ्यांना त्याची सर्वांत जास्त झळ बसली.

काही अट खटकली, म्हणजे पाच लाखांच्या कामाला दोन कोटींची उलाढाल मागितली असेल, तर निविदापूर्व बैठकीत लेखी विचारा. बैठक नसेल तर ईमेल करा. अशा प्रश्नांवरून शुद्धिपत्रक निघते. म्हणूनच भरण्याच्या आदल्या दिवशी शुद्धिपत्रक निघाले आहे का, हे पुन्हा पाहायचे.

मागच्या वर्षी हेच काम कोणत्या दराने गेले हे शोधा. महाटेंडर्सवर निकाल दिसतात. दिसला नाही तर माहिती अधिकारात सर्वांच्या दरांचा तुलनात्मक तक्ता मागा. १० रुपयांचा अर्ज, ३० दिवसांची मुदत.

दर: इथेच धंदा जगतो किंवा बुडतो

एक उदाहरण घेऊ. आकडे मानलेले आहेत, हिशोबाची रीत खरी आहे.

धुळ्यातले एक वर्कशॉप. शाळांना लोखंडी सांगाड्याचे १०० बाक द्यायचे आहेत. बाकाचा दर ६,००० रुपये, म्हणजे ६,००,०००, वर १८ टक्के जीएसटी १,०८,०००. वर्कशॉपचा खर्च: लोखंड, प्लाय, रंग मिळून ३,६०,०००. मजुरी ९०,०००. वाहतूक २५,०००. तपासणी, हमाली, किरकोळ १५,०००. एकूण ४,९०,०००. कागदावर नफा १,१०,०००, म्हणून पोरगा खूश.

आता रोख रकमेचा हिशोब. माल घेताना त्यावरचा जीएसटी ६४,८०० आधी भरावा लागतो. सुरक्षा ठेव ५ टक्क्यांनी ३०,००० अडकते. बिल टाकले की विक्रीवरचा उरलेला जीएसटी, १,०८,००० वजा ६४,८००, म्हणजे ४३,२०० रुपये पुढच्या महिन्याच्या विवरणपत्राबरोबर भरायचा. सरकारचे पैसे आले असोत वा नसोत. बेरीज करा: ४,९०,००० अधिक ६४,८०० अधिक ३०,००० अधिक ४३,२००, म्हणजे ६,२८,०००. सहा लाखांच्या कामाला सव्वासहा लाखांहून जास्त पदरचे घालून बसावे लागते. चार महिने पैसे अडकले आणि कर्ज १२ टक्क्यांचे असेल तर व्याज २५,१२०. हातात उरतात सुमारे ८५,०००. पैसे आले तरी जीएसटीचे २ टक्के, म्हणजे १२,००० कापून येतात, कारण अडीच लाखांवरच्या करारावर सरकारी कार्यालय ते कापते. ती रक्कम पोर्टलवर तुमच्या रोख खात्यात जमा होते आणि पुढे वापरता येते, पण त्या दिवशी हातात नसते.

आता हाच पोरगा काम मिळावे म्हणून १० टक्के बिलो गेला, ५,४०० चा दर भरला. विक्री ५,४०,०००. नफा ५०,००० आणि त्यातून जवळपास आधीइतकेच व्याज जाऊन उरतात जेमतेम २५,०००. शंभर बाक, दोन महिन्यांची मेहनत. एखादी खेप शाळेने परत केली तर खिशातून जाणार. म्हणून दर ठरवताना वहीत दोन रकाने करा. एकात खर्च, दुसऱ्यात त्या तारखेला हातातून गेलेला पैसा. दुसऱ्या रकान्याची कमाल रक्कम तुमच्या ऐपतीत नसेल तर ते टेंडर भरू नका, नफा कितीही दिसला तरी.

एका तरुण कारखानदाराच्या वडिलांनी अशीच वही पाहून त्याला अहिराणीत विचारले होते, "भो, हाई काम आपले झेपी का?" प्रत्येक निविदेपूर्वी घरातल्या एका जाणत्या माणसाने हा प्रश्न विचारावा.

बांधकामात यात आणखी वजावटी येतात: कामगार उपकर १ टक्का, आयकर एकल मालकाला १ टक्का आणि कंपनी किंवा भागीदारीला २ टक्के, आणि मुरूम, खडी, वाळूच्या वाहतूक पावत्या नसतील तर गौण खनिजाची रॉयल्टी थेट बिलातून. अंदाजपत्रकापेक्षा फार खाली दर भरलात तर अतिरिक्त सुरक्षा ठेवही मागतात. खडीच्या प्रत्येक डंपरची पावती पहिल्या दिवसापासून क्रमाने लावून ठेवा.

खेळत्या भांडवलासाठी घरचे दागिने गहाण टाकण्याआधी बँकेत कार्यादेश दाखवा. सीजीटीएमएसई, म्हणजे लघुउद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या योजनेखाली तारण न देता कर्ज मिळू शकते. यंत्रसामग्रीसाठी मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाचा अर्ज जिल्हा उद्योग केंद्रातून जातो.

ऑनलाइन भरताना

शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. तालुक्याच्या गावी वीज आणि नेट एकाच वेळी जाण्याचे प्रसंग येतात, आणि पोर्टलवरची घड्याळाची वेळ सर्व्हरची असते, तुमच्या मोबाइलची नाही. तांत्रिक लिफाफा, म्हणजे पात्रतेचे कागद, आणि आर्थिक लिफाफा, म्हणजे दर, यांची सरमिसळ करू नका. दराचा कागद चुकून तांत्रिक लिफाफ्यात गेला तर निविदा बाद होते. दराची एक्सेल फाइल पोर्टलवरून उतरवली तशीच भरा, तिचे नाव किंवा रचना बदलू नका. दर भरल्यावर दुसऱ्या माणसाकडून शून्ये मोजून घ्या. मुदत संपेपर्यंत दर बदलता येतो, म्हणून दोन दिवस आधी भरा आणि मग शांतपणे तपासा. पावती आणि प्रत्येक पायरीचा स्क्रीनशॉट जपून ठेवा.

तांत्रिक टप्प्यात बाद झालात तर कारण पोर्टलवर दिसते. ते वाचा आणि चुकीचे वाटले तर दिलेल्या मुदतीत लेखी हरकत घ्या. फोनवर भांडून काही होत नाही.

तीन गोष्टींना नाही म्हणा

लायसन्स भाड्याने देऊ नका. नवा नोंदणीकृत अभियंता दिसला की जुना ठेकेदार येतो आणि म्हणतो, काम तुझ्या नावावर घेतो, सगळे मीच करतो, तुला दोन-तीन टक्के. दोष दायित्व कालावधीत, म्हणजे काम संपल्यावरही दुरुस्ती ठेकेदाराच्या गळ्यात असते त्या काळात, रस्ता उखडला तर नोटीस तुमच्या नावाने येते, आयकराची विचारणाही तुमच्याकडेच होते, आणि ज्याने काम केले तो फोन उचलत नाही.

रिंगमध्ये बसू नका. "या वेळी तू वरचा दर भर, पुढच्या वेळी तुझे" असे ठरवणे हे स्पर्धा कायद्याखाली बोली संगनमत आहे.

आणि टक्केवारी. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागली तर सात दिवसांत तपास यंत्रणेला कळवल्यास संरक्षण मिळते. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४. काम गमावण्याची भीती खरी आहे हे मला माहीत आहे. पण तिशीच्या आत असलेल्या माणसाने पुढची तीस वर्षे याच बोळातून काढायची की नाही, हे पहिल्याच बिलाला ठरते.

काम मिळाल्यावर

कार्यारंभ आदेश लेखी हाती आल्याशिवाय एकही खिळा किंवा वीट हलवू नका. "सुरू करा, ऑर्डर निघतेय" या तोंडी शब्दावर सुरू केलेल्या कामाचे बिल कशाच्या आधारे काढणार? वाढीव काम सांगितले तर त्याच दिवशी ईमेलने कळवा: आज अमुक वाजता अमुक सूचना मिळाली, कृपया लेखी मान्यता द्यावी.

बांधकामात जे जमिनीखाली जाणार त्याचे मोजमाप झाकण्याआधी एम.बी.मध्ये, म्हणजे मोजमाप पुस्तिकेत चढलेच पाहिजे. गटाराचा पाया भरला आणि शाखा अभियंता चार दिवसांनी आला तर खोली कोणी मोजायची? जीपीएसचे ठिकाण आणि तारीख उमटणारे फोटो रोज काढा. माल पुरवठ्यात पोच घेताना स्वीकारणाऱ्याचे नाव, पद, तारीख आणि शिक्का चारही हवेत. नुसती वेडीवाकडी सही असलेले चलन सहा महिन्यांनी कोणी ओळखत नाही. जेमवर माल पोचल्यावर कार्यालयाने स्वीकृतीचा दाखला, सीआरएसी, १० दिवसांत द्यायचा आणि त्यानंतर १० दिवसांत पैसे. दाखला निघाला का हे पोर्टलवर स्वतः पाहा आणि निघाला नसेल तर जाऊन भेटा.

पैसे अडले तर पायऱ्या अशा. आधी लेखी स्मरणपत्र, आवक क्रमांकासह. मग वरच्या अधिकाऱ्याला. मग कायदा. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ पद्धतीने व्याज लागते. तक्रार ऑनलाइन करता येते आणि ती सुकरता परिषदेपुढे, म्हणजे अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या मंडळापुढे जाते. एक अट पक्की ध्यानात ठेवा: उद्यम नोंदणी पुरवठा करण्याआधीची हवी. नंतर काढलेल्या नोंदणीवर जुन्या बिलाचा दावा अडकतो. बांधकाम ठेक्यांना हा कायदा लागू होतो का यावर न्यायालयांचे निकाल सारखे नाहीत, म्हणून तिथे आधी वकिलाला विचारा.

काम संपले की पूर्णत्वाचा दाखला लगेच मागा. त्यावर कामाचे नाव, रक्कम, सुरू आणि पूर्ण झाल्याची तारीख आणि "समाधानकारक" हा शब्द हवा. साहेबांची बदली झाली की तो दाखला मिळवायला वर्ष जाते, आणि पुढच्या टेंडरला तोच लागतो. सुरक्षा ठेव कधी सुटणार ती तारीख कॅलेंडरवर लिहा. मागितल्याशिवाय ती परत येत नाही, आणि कितीतरी लोक मागायला विसरतात.

काम देणाऱ्यांसाठी

सरपंच, मुख्याधिकारी, खरेदी लिपिक, जिल्हा उद्योग केंद्रातले अधिकारी यांच्याशीही बोलायचे आहे, कारण तरुणांना प्रोत्साहन द्यायचे भाषण आपल्याकडे सगळेच करतात.

"फक्त जळगाव जिल्ह्यातील पुरवठादार" अशी अट घालून स्थानिकांचे भले होत नाही, अशी निविदा न्यायालयात टिकणे अवघड असते. मेक इन इंडियाच्या आदेशातला "स्थानिक" म्हणजेही भारतातला. पण नियमात राहून बरेच काही करता येते. दुरुस्ती चोवीस तासांत हवी असेल तर तशी अट घाला. ज्याचे दुकान शहाद्यात आहे त्याला ती सहज पेलते. उलाढालीची अट कामाच्या रकमेशी जुळेल इतकीच ठेवा. जेमवर बोली काढत असाल तर लघुउद्योग आणि स्टार्टअपच्या सवलतीपुढे "होय" निवडा. ते "नाही" राहून जाण्याचे कारण बहुतेक वेळा मागची फाइल तशीच पुढे चालवणे एवढेच असते. एकाच मोठ्या निविदेत बाक, लिहायचे फळे आणि पंखे कोंबू नका, ज्यामुळे फक्त मोठा व्यापारी पात्र ठरतो. मात्र टेंडर टाळण्यासाठी कामाचे तुकडे करणे नियमबाह्य आहे, हे उलट टोकही सांभाळा. आणि बिल. ज्या कार्यालयाचे बिल दोन महिन्यांत निघते, तिथे पुढच्या वेळी चांगले पुरवठादार कमी दराने येतात. ज्याचे आठ महिन्यांनी निघते, तिथे येणारा प्रत्येक जण आठ महिन्यांचे व्याज दरात आधीच धरून येतो.

जिल्हा उद्योग केंद्र आणि औद्योगिक वसाहतींच्या संघटनांनी दिवाळीच्या आधी, तालुक्याच्या ठिकाणी, शनिवारी दुपारी एक बैठक घ्यावी. नंदुरबारला तळोद्यात आणि धडगावात घ्यावी, जिल्ह्याच्या गावी नको. एक प्रोजेक्टर, नेट आणि मागच्या वर्षीची एक खरी, आता बंद झालेली निविदा एवढे पुरे. ती निविदा पडद्यावर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचावी आणि आलेल्या मुलांकडून तिचा दर वहीत काढून घ्यावा. भुसावळच्या दोन्ही आयुध निर्माण्या आणि रेल्वेच्या खरेदी विभागातल्या एखाद्या अधिकाऱ्याला बोलावून, येत्या वर्षात त्यांना काय लागणार आहे आणि विक्रेता म्हणून नोंद कशी होते, हे त्यांच्याच तोंडून मुलांना ऐकू द्यावे.